प्राणी-पक्षी बदलत्या जगाशी जुळवून घेतात, पण सगळे नाही आणि फुकट तर अजिबात नाही

प्रश्न असा आलाय की शहरात कावळे, कोल्हे, उंदीर मजेत राहतायत, पक्षी गाण्याचा सूर बदलतायत, हत्ती बिनसुळ्यांचे जन्माला यायला लागलेत, म्हणजे माणसाने केलेल्या बदलांशी प्राणी-पक्षी जुळवून घेतातच की, मग तुम्ही अभ्यासक लोक एवढी काळजी कशाला करता. प्रश्न रास्त आहे आणि उत्तराची सुरुवात "हो, घेतात" अशीच आहे. पण मी बरीच वर्षं पक्ष्यांच्या पायात रिंगा घालणं, त्यांची मापं घेणं, घरट्यांच्या नोंदी ठेवणं हेच काम करत आलेय, त्यामुळे "जुळवून घेतलं" असं कोणी म्हटलं की माझ्या डोक्यात लगेच पुढचे प्रश्न येतात. तोच प्राणी बदलला की त्याची पुढची पिढी बदलली? बदलल्यावर त्याची पिल्लं जास्त जगली का? आणि ज्यांना नाही जमलं ते गेले कुठे? आपल्याला दिसतात ते उरलेले, गेलेले दिसत नाहीत, आणि म्हणून चित्र आहे त्यापेक्षा नेहमीच बरं वाटतं.

सगळ्यात लवकर होणारा आणि सहज डोळ्यांत भरणारा बदल म्हणजे वागण्यातला. तोच प्राणी, त्याच जन्मात सवय बदलतो. २०१८ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये केटलिन गेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खंडांतल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांचा आधी झालेला अभ्यास एकत्र करून बघितला, तर जिथे माणसांचा वावर जास्त तिथे प्राण्यांचं रात्रीचं फिरणं सरासरी १.३६ पट झालेलं दिसलं. म्हणजे जो प्राणी निम्मा वेळ दिवसा आणि निम्मा रात्री हिंडायचा त्याचा आता ६८ टक्के वावर रात्रीचा. मला त्यातली जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते की शिकारीला आलेला माणूस आणि नुसता ट्रेकिंगला आलेला माणूस, दोघांमुळे परिणाम साधारण सारखाच होतो. आपण काही त्रास देत नाही, फक्त चालतोय, असं आपल्याला वाटतं, प्राण्याला तसं वाटत नाही. आता रात्री फिरून माणूस टळतो हे खरं, पण दिवसा बघायला घडलेले डोळे घेऊन अंधारात पोट भरायचं म्हणजे हाताला कमी लागतं, शिवाय ज्या शिकारी प्राण्याला आजवर वेळ बदलून चुकवलं त्याच्याच वेळेत जाऊन पडावं लागतं. ही किंमत जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेरा ट्रॅपच्या फोटोत दिसत नाही, ती दिसते दोन-तीन वर्षांनी पिल्लांच्या संख्येत.

आवाजाचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लॅबकोर्न आणि मार्ग्रीट पीट यांनी २००३ मध्ये दाखवलं की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी गाण्यातले खालचे सूर टाळतात, कारण ट्रॅफिकची घरघर नेमकी खालच्या फ्रिक्वेन्सीत असते आणि ते सूर त्यात बुडून जातात. मग बरीच वर्षं वाद चालला की हा बदल पिढ्यांमधून आलाय की पक्षी तेवढ्यापुरता सूर चढवतोय. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोवर एलिझाबेथ डेरीबेरी यांच्या टीमचं काम आधीपासून चालू होतं आणि २०२० मध्ये लॉकडाउन आलं, गोल्डन गेट ब्रिजवरचा ट्रॅफिक १९५० च्या दशकातल्या पातळीवर उतरला, आणि त्याच वसंतात ते पक्षी हळू गायला लागले, खालचे सूर परत आले, गाण्याची रेंज रुंदावली आणि एवढं हळू गाऊनही गाणं जवळपास दुप्पट अंतरापर्यंत पोचायला लागलं. म्हणजे त्या जातीत तरी हे लवचीक वागणं होतं, रक्तात उतरलेला बदल नव्हता. आणि याची दुसरी बाजूही बघा, गोंगाटात तो पक्षी इतकी वर्षं तोकडं गाणं जास्त जोर लावून गात होता, आणि गाणं म्हणजे त्याचं हद्द राखणं, जोडीदार मिळवणं, सगळं त्यावरच. आपण त्याला "जुळवून घेतलं" म्हणत होतो आणि तो रोज ओरडून बोलत होता.

मेंदू मोठा, आयुष्य मोठं आणि कळपात राहायची सवय असेल तर शिकणं भराभर पसरतं. सिडनीतले पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवा कचऱ्याच्या डब्यांची झाकणं चोचीने उचलून, कडेकडेने चालत जाऊन उलटी करतात. बार्बरा क्लंप आणि सहकाऱ्यांनी तिथल्या रहिवाशांकडून नोंदी गोळा केल्या तर २०१८ च्या आधी तीनच उपनगरांतून असं कळलं होतं, २०१९ संपेपर्यंत ४४ उपनगरांतून, आणि उघडायची पद्धतसुद्धा भागाभागात वेगळी, म्हणजे एकमेकांचं बघून शिकलेली. युरोपात मॅगपाय (कावळ्याच्याच कुळातला पक्षी) आणि कावळे तर पक्षी बसू नयेत म्हणून इमारतींवर लावलेल्या सळ्याच उपटून घरट्यात वापरतात, अँटवर्पमध्ये मॅगपायच्या एका घरट्यात अशा जवळजवळ १,५०० सळ्या मिळाल्या होत्या. अशा बातम्या लोक आवडीने शेअर करतात आणि करावं, मलाही आवडतात, पण या सगळ्या त्याच ठरावीक हुशार कुळांच्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यावरून बाकीच्या हजारो जातींचा अंदाज बांधता येत नाही.

आता पिढ्यांमधून होणारा बदल, म्हणजे खरी उत्क्रांती. इथे माझं आवडतं उदाहरण क्लिफ स्वॅलोचं, भिंगरीच्या कुळातला छोटा पक्षी, मातीची मडक्यासारखी घरटी करतो. अमेरिकेत नेब्रास्काच्या पश्चिम भागात हे पक्षी कडे सोडून पुलांच्या आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या भिंतींना घरटी करायला लागले आणि अर्थातच गाड्यांखाली मरायला लागले. चार्ल्स ब्राउन आणि मेरी बॉम्बर्गर ब्राउन यांनी १९८२ पासून तीस वर्षं त्याच त्याच रस्त्यांवर गाडी चालवत मेलेला प्रत्येक पक्षी उचलला आणि त्याच वसाहतींमधले जिवंत पक्षी जाळ्यात पकडून मोजले. पंख मोजणं म्हणजे काय तर पक्षी मुठीत धरून पंख मिटलेल्या स्थितीत पट्टीवर सपाट बसवायचा, मनगटाचा सांधा पट्टीच्या अडणीला टेकवायचा आणि सगळ्यात लांब पिसाचं टोक कुठे येतं ते वाचायचं. मिलिमीटरचा खेळ असतो, बोटाचा दाब जरा बदलला तरी आकडा बदलतो, पिसं झिजलेली असली तरी बदलतो, म्हणून तेच हात आणि तीच पद्धत वर्षानुवर्षं असणं याला फार महत्त्व. तर त्यांना दिसलं असं की वसाहती वाढत गेल्या, ट्रॅफिक काही कमी झाला नाही, तरी मरणाऱ्यांचा आकडा वर्षागणिक उतरत गेला. जिवंत पक्ष्यांचे पंख सरासरीने आखूड होत गेले आणि गाडीखाली आलेल्यांचे मात्र लांबच राहिले. आखूड पंखाने डांबरावरून जास्त सरळ वर उठता येतं, चटकन वळता येतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यात इतरही कारणं असू शकतात, १९९६ मध्ये तिथे आलेल्या थंडीच्या लाटेत ढिगाने पक्षी मेले होते, त्याचाही हात असेल, काही पक्षी गाड्या बघून शिकलेही असतील, आणि ब्राउन दांपत्याने स्वतःच या शक्यता मांडल्यात. पण माझ्या मते जिवंत आणि मेलेल्यांमधला तो फरक बोलका आहे. आणि हा बदल तीस वर्षांत का होऊ शकला तेही बघा, पक्ष्यांची संख्या प्रचंड, पंखांच्या लांबीत आधीपासून फरक होते आणि एक वर्षाचा पक्षी अंडी घालायला लागतो. या तिन्ही गोष्टी एकत्र असणं फार थोड्यांच्या नशिबात असतं.

हत्तींच्या सुळ्यांची गोष्ट प्रश्नात आहेच, पण ती आनंदाने सांगायची गोष्ट नाहीये. आशियाई हत्तीणींना बाहेर दिसणारे मोठे सुळे तसेही नसतात, पण आफ्रिकेतल्या सव्हाना हत्तींमध्ये नर-मादी दोघांनाही असतात. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी चालली, गोरोंगोसा भागात हस्तिदंतासाठी दोन्हीकडच्या सैन्यांनी हत्ती मारले, ९० टक्क्यांहून जास्त हत्ती संपले. मारणारे सुळे बघून मारत असल्याने बिनसुळ्यांच्या माद्या वाचल्या आणि अशा माद्यांचं प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ५०.९ टक्क्यांवर गेलं. २०२१ मध्ये शेन कॅम्पबेल-स्टेटन आणि सहकाऱ्यांनी याचं जनुकीय कारण शोधलं, ते एक्स गुणसूत्रावर आहे आणि नर गर्भाला ते सोसत नाही. म्हणजे बिनसुळ्यांच्या आईचे निम्मे नर जन्मालाच येत नाहीत, तिच्या पोटी साधारण दोन मुलींमागे एक मुलगा. शिवाय सुळा म्हणजे हत्तीचं रोजचं अवजार, पाण्यासाठी खणायला, साल सोलायला, झाडं वाकवायला, आणि त्या खोदकामावर आणि मोडतोडीवर इतर कितीतरी प्राणी-वनस्पती अवलंबून असतात. कळप वाचला खरा, पण या वाचण्याचं बिल अजून फिटतंय.

वेगाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटवून द्यायचाय, त्यासाठी उंदीर आणि गिधाड शेजारी ठेवून बघा, कारण दोघांसमोर आलं ते विषच. उंदरांसाठी वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं विष वापरात आलं आणि १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये त्याला दाद न देणारे उंदीर सापडले, कारण रक्त गोठवण्याच्या साखळीतल्या एका जीनमधला छोटा बदल. हाही फुकट नाही, अशा उंदरांना व्हिटॅमिन के जास्त लागतं. पण उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात, त्यामुळे एखाद्याकडे जरी कामाचा जीन असला तरी तो वर्षा-दोन वर्षांत गावभर होतो. गिधाडाचं काय? वर्षाला एकच अंडं, वयात यायला पाचेक वर्षं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं, किडन्या निकामी झाल्या, आणि भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण डायक्लोफेनॅक आहे हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये भारत, नेपाळ, पाकिस्तानात गुरांसाठी त्यावर बंदी आली. पंधरा वर्षं म्हणजे गिधाडाच्या तीन पिढ्यासुद्धा नाहीत. आणि शिकून टाळता आलं असतं म्हणावं तर तेही नाही, कारण शिकायला दोन गोष्टी लागतात, धोका ओळखायची काहीतरी खूण आणि पहिल्या अनुभवातून वाचणं. औषध दिलेलं आणि न दिलेलं मेलेलं जनावर दिसायला सारखंच, मरण येतं खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांनी, मग गिधाडाने शिकायचं कशावरून? जिथे खूण नाही किंवा पहिलाच अनुभव जीव घेतो तिथे कितीही हुशार पक्षी असू दे, वागणं बदलून काही होत नाही.

हवामान बदलाचं तसंच आहे, फक्त तिथे गोंधळ वेळापत्रकाचा होतो. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्समध्ये ग्रेट टिटच्या घरट्यांच्या नोंदी कित्येक दशकं सलग आहेत आणि १९६० च्या दशकापासून पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत तिथली अंडी घालायची तारीख सुमारे दोन आठवड्यांनी अलीकडे आली, कारण हा पक्षी तिथेच राहतो, वसंतातली ऊब त्याला तिथेच कळते आणि अळ्या कधी निघतील त्याच्या अंदाजाने तो तारीख हलवतो. पाइड फ्लायकॅचरला ती सोय नाही. तो हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत असतो, तिथून निघायचा इशारा त्याला मुख्यतः दिवसाच्या लांबीतून मिळतो आणि नेदरलँड्समध्ये अळ्या लवकर निघाल्या हे त्याला हजारो किलोमीटरवरून कळणार कसं. क्रिस्तियान बोथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की जिथे अळ्यांचा हंगाम सगळ्यात लवकर येऊन जातो त्या जंगलांत या पक्ष्यांची संख्या दोन दशकांत ९० टक्क्यांच्या आसपास घटली. हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या सशांचंही तेच, केसांचा रंग कधी बदलायचा ते दिवसाची लांबी ठरवते, बर्फ पडलाय की नाही ते नाही. स्कॉटलंडमध्ये १९५० ते २०१६ या काळात बर्फ कमी होत गेला पण माउंटन हेअरची रंग बदलायची तारीख काही हलली नाही, आणि पांढराशुभ्र ससा तपकिरी जमिनीवर बसलाय असे दिवस वर्षाला ३५ ने वाढले. उत्तर अमेरिकेतल्या स्नोशू हेअरमध्ये रंगाचा मेळ चुकलेल्या आठवड्यात जगण्याची शक्यता ७ टक्क्यांपर्यंत कमी होते हे रेडिओ कॉलर लावलेल्या सशांवरून मोजलंय.

पण याच सशांमध्ये एक आशेची गोष्ट आहे आणि ती कमी लोकांना माहीत असते. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ, जिथे बर्फ तसाही थोडाच, तिथले काही स्नोशू हेअर हिवाळ्यातही तपकिरीच राहतात, आणि तो जीन त्यांना फार पूर्वी शेजारच्या ब्लॅक-टेल्ड जॅकरॅबिट या दुसऱ्या जातीशी झालेल्या संकरातून मिळालाय. युरोपातल्या काही घरउंदरांनी विषाला दाद न देणारा जीन असाच अल्जीरियन माऊसकडून घेतलेला सापडला. बघा, दोन्हीकडे उपयोगी पडलेली गोष्ट नव्याने तयार झाली नव्हती, ती शेजारी आधीच होती आणि गरज पडेपर्यंत टिकून होती. म्हणून मी सतत म्हणते की मोठी आणि एकमेकांना जोडलेली संख्या राखा, नुसते "दोनशे उरलेत, पुरे" असे हिशेब करू नका. तुकडे पडले की काय होतं ते लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरांतल्या माउंटन लायन या मार्जार कुळातल्या प्राण्यामध्ये दिसतं, चारही बाजूंनी फ्रीवे आणि समुद्र, आतल्या आत प्रजनन होऊन शेपटीचं टोक वाकडं असलेले प्राणी सापडले, बहुतांश शुक्राणू सदोष निघाले. हा प्राणी शहराकडेला राहायला शिकलाय यात शंका नाही, रात्री फिरतो, माणसं टाळतो, पण वागण्याची हुशारी जीनची टंचाई भरून काढत नाही.

आणखी एक प्रकार असतो, सापळ्याचा. प्राण्याची जुनी खूण बरोबर असते, जग बदललेलं असतं. समुद्रात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकवर शेवाळ चढतं आणि त्यातून डायमिथाइल सल्फाइडचा वास येतो, अल्बाट्रॉस आणि पेट्रेलच्या कुळातले काही पक्षी हाच वास हुंगत खाणं शोधतात, त्यामुळे जे नाक त्यांना पिढ्यानपिढ्या जगवत आलं तेच आता प्लॅस्टिक गिळायला लावतं. कधी फायदा आणि तोटा एकाच वस्तूत असतो. मेक्सिको सिटीत हाउस फिंच घरट्यात सिगारेटची थोटकं आणतात, त्यातल्या निकोटिनमुळे घरट्यातले परजीवी कमी होतात हे मोजून दाखवलंय, आणि त्याच थोटकांमुळे पिल्लांच्या रक्तपेशींमध्ये जनुकीय बिघाड वाढतो हेही त्याच संशोधकांनी दाखवलंय. याला जुळवून घेणं म्हणायचं का नाही, मला विचाराल तर जोपर्यंत ती पिल्लं मोठी होऊन किती वीण करतात ते कळत नाही तोपर्यंत म्हणू नये.

हवामान बदलाच्या बाबतीत एकूण पक्ष्यांचा हिशेब काय लागतो? विक्टोरिया रॅडचुक आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून बघितलं, तर वेळापत्रकं अलीकडे सरकतायत, सरकणं फायद्याचंही आहे, पण तापमानाच्या वेगापुढे ते पुरेसं नाही. आणि हा डेटा मुख्यतः ग्रेट टिट, मॅगपाय अशा सर्रास आढळणाऱ्या जातींचा आहे, ज्यांच्यात बदलायची ताकद तुलनेने जास्त. दुर्मीळ जातींचा एवढा लांब डेटाच कोणाकडे नाही.

मग करायचं काय, तर जिथे प्राण्याला शिकायला वाव नाही ते आपण बदलायचं. काचेचं उदाहरण घ्या. रात्री स्थलांतर करणारा पक्षी दिव्यांनी ओढला जातो, काचेवर आपटतो, मरतो, शिकायची दुसरी संधीच नाही. शिकागोच्या मॅकॉर्मिक प्लेस या एका इमारतीखाली ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत साडेनऊशेहून जास्त पक्षी मेले. २०२४ मध्ये तिथे काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली, त्यानंतरच्या हंगामात आपटून मरणारे पक्षी ९५ टक्क्यांच्या आसपास कमी झाले. ठिपके लावले, दिवे घालवले, विषारी औषधाला पर्याय आणला, की त्याच वर्षी फरक पडतो, उत्क्रांतीची वाट बघावी लागत नाही.

आणि जिथे शिकायला वाव आहे तिथे वेळ द्यायचा. कॅनडात बॅन्फ नॅशनल पार्कमधून जाणाऱ्या हायवेवर कुंपण घालून प्राण्यांसाठी पूल आणि बोगदे केले, गाड्यांशी होणाऱ्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. हरणं आणि एल्क लवकर वापरायला लागली, ग्रिझली अस्वलांना मात्र सरावायला पाच-पाच वर्षं लागली. पहिल्या वर्षाचा कॅमेऱ्यांचा डेटा बघून "अस्वलं पूल वापरत नाहीत, पैसे वाया" असा रिपोर्ट लिहिणं तिथे सहज शक्य होतं. त्यामुळे तुमच्या ओळखीत कोणी असं मॉनिटरिंगचं काम ठरवत असेल तर किमान पाच वर्षांचं बजेट धरायला सांगा, आणि नुसते किती प्राणी दिसले ते मोजू नका, सोबत पिल्लं आहेत का, तेच प्राणी पुढच्या वर्षी परत दिसतात का, की दरवर्षी बाहेरून नवे येतात आणि मरतात, हे मोजा. बाहेरून येणाऱ्यांच्या जिवावर एखादी जागा वर्षानुवर्षं भरलेली दिसू शकते.